व्हय साहेब

माझ्या फाजील अहंकारापायी एका माणसाचा डोळा गेला. इतक्या वर्षांनी ते लिहून ठेवतो आहे.

पन्नासच्या दशकात चिंचवडजवळच्या एका लहानशा कारखान्यात मी सुपरवायझर होतो. आज तो कारखाना नाही. पुण्याहून रसायनशास्त्राची पदवी घेऊन आलो होतो, वय चोवीस, आणि जगातली सगळी अक्कल आपल्यालाच वाटून दिली आहे अशी खात्री. कामगार वाकड, माण, मारुंजीकडचे शेतकरी. लोखंडावरचा गंज काढायला तेजाबाचा हौद भरावा लागे. आधी पाणी, मग त्यात हळूहळू तेजाब, हे त्यांना शिकवणं माझं काम. मी फळ्यासमोर अर्धा तास बोलायचो आणि शेवटी विचारायचो, "समजलं का?" सगळे एका सुरात म्हणायचे, "व्हय साहेब." मी मनात स्वतःचीच पाठ थोपटायचो.

एकदा त्यांच्यातले एक वयस्कर कामगार उठून उभे राहिले. आयुष्यभर चुन्याचं काम केलेला माणूस.

"साहेब, न्हाई समजलं. तुमी लई भरभर बोलता, हितं कुनालाच काय कळत न्हाई. चुना इरवताना आमी आधी चुन्याची कळी टाकतो, मग वरनं पानी वततो. मग हितं पानी आधी का? तेवढं इस्कटून सांगा."

हे सगळ्यांदेखत! माझं डोकंच फिरलं. "बाकीच्यांना कळतं, तुम्हालाच बरं कळत नाही?" मी म्हणालो. बाकीचे खाली मान घालून बसले होते. दुसऱ्याच दिवशी मी त्यांना हौदावरून काढून रिकामी पिंपं धुवायला बसवलं.

आठ-दहा दिवसांनी, ऐन दिवाळीच्या तोंडावर, हौदाकडून किंकाळी आली. नुकतंच लग्न झालेल्या एका कामगारानं आधी तेजाब ओतलं होतं आणि वरून पाण्याची बादली रिकामी केली होती, चुन्याच्या कळीवर करतात तशी. सगळं उसळून त्याच्या तोंडावर आलं. तो जमिनीवर लोळत होता आणि मी, पदवीधर, नुसता उभा. धावले ते पिंपं धुणारे तेच वयस्कर कामगार. त्यांनी त्याच्या तोंडावर पाण्याचा मारा चालूच ठेवला, म्हणून एक डोळा वाचला, असं डॉक्टर म्हणाले. दुसरा गेला.

दुसऱ्या दिवशी मी सगळ्यांना गोळा केलं. या वेळी सावकाश, करून दाखवत सांगितलं. मग विचारलं, "समजलं का?"

"व्हय साहेब."

तोच सूर! काल एक जण डोळ्यादेखत भाजला होता, तरीही. साहेबाला नाही म्हणायची त्यांची रीतच नव्हती, आणि ज्यानं ती मोडली त्याचं मी काय केलं हे सगळ्यांनी पाहिलं होतं. मी तडक पिंपांपाशी गेलो.

"तुम्ही मला पुन्हा का नाही सांगितलंत?"

"येकदा सांगितलं व्हतं की," हात न थांबवता ते म्हणाले. "त्याचंच बक्षीस धुतोय न्हवं का."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी त्यांची माफी मागितली, त्यांना परत हौदावर आणलं आणि सगळ्यांसमोर म्हणालो, "माझं चुकलं तर तोंडावर सांगा. मी रागावणार नाही, उलट मला ते हवंच आहे."

त्यांनी मान डोलावली. "व्हय साहेब," म्हणाले.

त्यांच्या तोंडून पुन्हा एकदा "न्हाई समजलं" ऐकायला मला दिवाळीपासून होळीपर्यंत थांबावं लागलं.