शेजारी जायला चप्पल

"धर!" एवढंच म्हणून ती हात पुढे करायची. हातात वाटी असायची. वाटीत काय आहे, कशासाठी आहे, हे विचारायची सोय नव्हती, कारण तोवर तिने वाटी सोडलेली असायची. वालाचं बिरडं, कोळंबीचं लोणचं, एकदा तर चटका बसेल इतका गरम शिरा. मी सगळं झेललेलं आहे. श्रीवर्धनच्या आमच्या आळीची रुंदीच तेवढी होती. तिने तिच्या ओट्यावरून हात लांब करायचा, मी आमच्या ओट्यावरून, आणि मधून जाणाऱ्याने आपलं डोकं सांभाळायचं.

नातवंडांनो, तुम्ही सुट्टीत येता ते म्हसळ्याच्या रस्त्यावरच्या या नव्या वसाहतीत. इथला रुंद रस्ता, फाटकं, घराभोवतीची हिरवळ हे सगळं तुमच्या तिकडच्या घरांसारखंच आहे, म्हणून तुम्हाला ते लगेच ओळखीचं वाटलं. पण ज्या बाईबद्दल मी लिहिणार आहे, ती त्या जुन्या आळीशिवाय समजायची नाही. म्हणून आधी आळी.

दोन्ही बाजूंना घरं, एकाची भिंत तीच दुसऱ्याची. पुढे ओटे, मागे सुपारी-नारळाच्या लांबलचक वाड्या, पार समुद्रापर्यंत. आळीच्या तोंडाशी वाण्याचं दुकान, शिंपी, पिठाची गिरणी आणि एक मोकळी जागा. कोणाच्या घरात काय शिजतंय, कोणाचा मुलगा नापास झालाय, हे लपवणं शक्यच नव्हतं.

तिला सगळे आत्या म्हणत. ती आळीची सून नव्हती, लेक होती. लग्नानंतर थोड्याच वर्षांत नवरा गेला आणि ती भावाच्या घरी परत आली. त्यामुळे भावाच्या मुलाची ती आत्या, म्हणून त्याच्या मित्रांची आत्या, म्हणून साऱ्या आळीची. तिच्याहून मोठी माणसंही तिला आत्याच म्हणत. मी सुरुवातीला तिला अहो-जाहो करत असे. चार दिवस तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "ए, मी काय मामलेदार हाय? तू म्हण."

मी मुंबईच्या इंग्रजी शाळेत शिकलेली. घरात वस्तू जागच्या जागी आणि दार लोटलेलं, अशी मला सवय. सासरी आल्यावर पहिल्याच आठवड्यात मी पुढच्या दाराला छान निळा पडदा लावला. तासाभरात आत्या ओट्यावर हजर.

"घरात आजारी हाय कोण?"

"नाही."

"बाळंतीण?"

"नाही हो... नाही गं."

"मग पडदा कशाला?"

मी प्रायव्हसी म्हणजे काय ते तिला माझ्या परीने समजावून सांगितलं. तिने शांतपणे ऐकलं. दुसऱ्या दिवसापासून ती पडदा बाजूला सारून आत यायची, काम सांगायची आणि जाताना पडदा पुन्हा नीट ओढून घ्यायची. पडद्याचा एवढा मान तिने शेवटपर्यंत ठेवला. मला मात्र "इंग्रजीण" हे नाव कायमचं पडलं.

तिची खरी ओळख सुपारीच्या दिवसांत पटायची. आळीच्या तोंडाशी मोकळ्या जागेत सगळ्यांची सुपारी वाळत पडायची, एकाच्या चटईला दुसऱ्याची ताडपत्री लागून. आत्याचा ओटा त्या बाजूला पहिला. अवेळी ढग दिसले की ती उभी राहायची आणि पदर खोचून ओरडायची, "आभाळ आलं रे, आभाळऽऽ!" मग ज्याच्या हाताला जे लागेल ते उचलायचं, कोणाचं का असेना, आणि जवळच्या ओट्यावर नेऊन टाकायचं. तव्यावरची भाकरी तशीच टाकून बायका धावायच्या. मधल्या घरातला रम्या, तेव्हा दहावीतला, पुस्तक फेकून द्यायला निमित्तच शोधत असायचा. पाऊस गेला की वाटणी. वाटणीत भांडणं ठरलेली. आत्या दोन्ही पक्षांचं ऐकायची आणि दोघांच्याही ढिगातून एकेक मूठ आपल्या सुपात टाकायची.

"आत्या, ही कसली गो?"

"माझ्या घशाची. घसा काय फुकट मिळतो?"

एकदा ढग आले नि पाऊस न पडताच निघून गेले. सगळ्यांनी धावपळ करून सुपारी उचललेली. रम्याची आई चिडली. आत्या म्हणाली, "बरं झालं ना? व्यायाम झाला." आणि तिने आपली मूठ घेतलीच.

आळी तेव्हाही सुखवस्तू नव्हती. मुलगे मुंबईला, नाहीतर नवी मुंबईला गेले, तिकडेच राहिले. एकेका दाराला कुलूप लागत गेलं. शिंप्याने मशीन विकलं, गिरणी बंद झाली. मग ते मोठं वादळ आलं. छपरं उडाली, वाड्यांतली झाडं काडेपेटीतल्या काड्यांसारखी आडवी झाली. सुपारीचं नवं झाड हाताशी यायला किती वर्षं लागतात हे ज्याला माहीत होतं, त्याने परत लागवड करायची की नाही याचा विचारच केला नाही. अर्ध्याअधिक कुटुंबांनी गावात इकडेतिकडे भाड्याने खोल्या घेतल्या.

त्याच वर्षी पनवेलकडचा एक बिल्डर देवळाच्या सभामंडपात मोठं रंगीत चित्र घेऊन आला. आळी पाडायची, तिथे पर्यटकांसाठी बंगले बांधायचे, आणि आळीकरांना गावाबाहेर म्हसळ्याच्या रस्त्याला स्वतंत्र घरं. प्रत्येक घराला चारी बाजूंनी मोकळी जागा, कंपाउंडची भिंत, गाडी ठेवायला शेड. आत्याने चित्र डोळ्यांजवळ नेऊन पाहिलं.

"ह्यात एक कुत्रा तेवढा दिसतो. तोपण बांधलेला. वाणी कुठे?"

"आजी, गावात. गाडीने पाच मिनिटं."

"गाडी कोण चालवणार? तुझा बाप?"

सभामंडप हसला. बिल्डरही हसला, तो चांगला होता बिचारा.

आळीतल्याच एका घराची नात मुंबईत आर्किटेक्चर शिकत होती. तिने दुसरं चित्र आणलं होतं, पेन्सिलीने काढलेलं. आळी तिथेच, घरं एकमेकांना लागूनच, पण पक्की. खाली दुकानं, वर पाहुण्यांना भाड्याने द्यायच्या खोल्या, मागून गटार आणि गाडी येईल एवढा रस्ता. ती तळमळीने बोलत होती. म्हणाली, "माणसं दाटीने राहिली तर दुकानं चालतील, आळी परत उभी राहील."

"हे तर होतं तेच हाय," रम्या म्हणाला. आता तो दोन मुलांचा बाप होता. "मग सुधारणा कसली?"

"दाटी म्हणजे गरिबी नव्हे, काका."

"तू मुंबईला एका खोलीत चौघी राहतेस. तुला तसंच वाटणार!"

पुन्हा सगळे हसले, आणि त्या हसण्यात ते चित्र गुंडाळलं गेलं. लागून घरं म्हणजे मागासलेपण, सुटी घरं म्हणजे प्रगती, हे आधीच ठरलेलं होतं.

मी वसाहतीच्या बाजूने होते, आणि माझी कारणं मला अजूनही पटतात. आळीत पाणी तुंबायचं. तुमच्या आजोबांना हार्टॲटॅक आला तेव्हा ॲम्ब्युलन्स आत शिरू शकली नव्हती. त्यांना खुर्चीत बसवून नाक्यापर्यंत न्यावं लागलं. मी सभेत हे सांगितलं तेव्हा आत्या मागून म्हणाली, "व्हय. आणि खुर्ची उचलायला माणसं कुठून आली, तेपण सांग." ती उघड्या दारांतून आली होती, मी हाक मारायच्या आधीच. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या.

सगळ्यांच्या सह्या झाल्या. तिची राहिली. घराच्या उताऱ्यावर भावाबरोबर तिचंही नाव होतं. भाऊ गेलेला, पुतण्याने नवी मुंबईहून येऊन केव्हाच सही केली होती. आता साऱ्या आळीचं काम तिच्यापाशी अडलं. रम्या रोज यायचा. आधी विनवायचा, मग चिडायचा.

"आत्या, पोरं भाड्याच्या खोलीत आजारी पडतात गो. तुझ्या एका सहीसाठी आमचं छप्पर अडलंय."

"इथेच घाल की छप्पर. मी कौलं देते."

"इथे कोण राहायलाय?"

"मी हाय. इंग्रजीण हाय."

तेव्हा आळीत राहणारी खरोखरच दोन घरं उरली होती. लोक तिला हट्टी म्हणू लागले, काहींनी बोलणं टाकलं. ती ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला हाक मारायची. माणसं मान खाली घालून पुढे जायची. ज्या बाईला बोलल्याशिवाय जेवण जात नसे, तिच्याशी गाव अबोला धरून होतं. तरी तिने सही केली नाही.

पौषात वादळातून वाचलेल्या झाडांची थोडी सुपारी निघाली, तिची आणि आमची. ती मोकळ्या जागेत वाळत होती. दुपारी मी आत होते. एकदम ओरडणं ऐकू आलं, "आभाळ आलं रे, आभाळऽऽ!" मी धावले. आजोबांना धावायची मनाई होती, ते दारात उभे राहिले. आत्या आळीकडे तोंड करून ओरडतच होती. कुलुपं लावलेल्या दारांना हाका मारत होती. "ए रम्या! ए रम्याच्या आये!" तोवर पाऊस कोसळला. दोन म्हाताऱ्यांनी ताडपत्री ओढून ओढून किती ओढावी? निम्मी सुपारी भिजली.

ती तिथेच भिजत बसली. मी हात धरून उठवायला गेले.

"इंग्रजीण, मी कोणाला गो हाका मारत होते?"

दुसऱ्या दिवशी सकाळी ती स्वतः रम्याच्या खोलीवर गेली आणि म्हणाली, "आण तुझा कागद."

वसाहतीत आम्ही पुन्हा शेजारी आलो. घर सुरेख होतं. मला माझं दार मिळालं, माझी शांतता मिळाली, आणि महिनाभर मी तिचा अगदी मनापासून आनंद घेतला. आत्या पहिल्यांदा आली ती माझ्या पायऱ्यांवर बसून पायांकडेच बघत राहिली.

"काय झालं?"

"तुझ्याकडे यायला चप्पल घालायला लागते गो."

खरंच होतं. आपल्या फाटकातून बाहेर, तापलेल्या डांबरावरून वळसा, मग आमचं फाटक. वाटी झाकून आणावी लागे. आणेपर्यंत गार होई. हळूहळू वाट्या थांबल्या. त्यात तिची चूक नव्हती, माझीही नव्हती.

दोन वर्षांनी आजोबांना पुन्हा त्रास झाला. या वेळी ॲम्ब्युलन्स थेट पायरीशी आली. त्याचं समाधान मला आहे; ते वाचले नाहीत तरी आहे. शेजारीपाजारी कोणाला काही कळलं नाही, भिंती उंच. आत्याच्या कानावर मात्र गाडीचा आवाज गेला असावा. ती भर उन्हात अनवाणी आली होती.

त्यानंतर तिने फाटकाबाहेर, अगदी रस्त्याच्या कडेला खुर्ची टाकायला सुरुवात केली. सहा आसनी रिक्षावाल्यांना वाटायचं, म्हातारी गाडीसाठी थांबलीय. ब्रेक लागायचा.

"म्हसळा?"

"न्हाय रे. बसलेय."

"मग आत बसा की, इथे कशाला?"

हे बरेच दिवस चाललं. मग एकदा खुर्ची रिकामी दिसली. मी तिचं फाटक दोनदा वाजवून आले. संध्याकाळी आत्या रिक्षातून उतरली, केस विस्कटलेले, चेहरा फुललेला.

"कुठे गेली होतीस?"

"म्हसळ्याला."

"काय काम होतं?"

"काय न्हाय. उतरलेच न्हाय. तीच गाडी परत आली." मग माझ्याजवळ सरकून म्हणाली, "काय गर्दी होती गो! गुडघ्याला गुडघा. एका बाईची सून पळून गेलीय. एकीने मला जांभळं दिली. तू चल एकदा."

मी म्हटलं, "मला नाही बाई जमणार." त्या गाडीत सहाच्या जागी दहा माणसं बसतात, हे तुम्ही पाहिलंच आहे.

ती जात राहिली. आठवड्यातून तीनदा, कधी चारदा. रिक्षावाल्यांनी तिची कडेची जागा ठरवून टाकली. त्या गाडीत तिने दोन लग्नं जमवली असं ती सांगायची. एक नक्की जमलं, कारण त्याचे लाडू माझ्यापर्यंत आले.

गेल्या थंडीत तिला ताप भरला. पुतण्या येऊन तिला नवी मुंबईला घेऊन गेला. जाताना गाडीच्या काचेतून ती मला म्हणाली, "विसाव्या मजल्यावर राहतो म्हणे. हाक खाली जाते का गो तिथून?" पंधरवड्याने ती गेल्याचा फोन आला.

तिचं फाटक बंद असतं. तरी परवापर्यंत रिक्षा तिथे हळू व्हायच्या. त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. मला ते बघवेना. एके सकाळी मी चप्पल घातली, रस्त्यावर गेले आणि पहिल्याच गाडीला हात केला.

"आत्या येणार नाही आता," मी सांगितलं. "गेली ती. नवी मुंबईलाच."

रिक्षावाल्याने इंजिन बंद केलं. मागे बायका दाटीने बसल्या होत्या. मग कडेला बसलेल्या कोळणीने टोपली पायांत घेतली, शेजारणीला कोपराने ढोसलं, तिने तिच्या शेजारणीला, आणि कडेला एक वीतभर जागा झाली.

"या," ती म्हणाली.

मला म्हसळ्याला काही काम नव्हतं. मी आत बसले. गाडी वळणाला लागायच्या आधीच, मला न विचारता, कोणीतरी आपलं पोर माझ्या मांडीवर ठेवलं.