खाडीतले एक्केचाळीस खांब

डोंबिवलीच्या पश्चिमेला खाडीत एक छोटं खडकाळ बेट आहे. ‘आहे’ असं लिहिता येतं, याचा मला आजही अभिमान वाटतो.

भरतीला त्याचा नुसता माथा दिसतो. पाणी उतरलं की पायथ्याशी दगडी खांब उघडे पडतात, पेन्सिलींची जुडी उभी ठेवावी तसे. लाव्हा निवताना आकसला, तडकला, त्याचे हे खांब. त्यांच्याखाली भाजलेल्या लाल मातीचा हातभर थर आहे. दोन उद्रेकांच्या मधल्या काळातली ती जमीन. खांब मी मोजून वहीत टिपले होते. एक्केचाळीस: सहा बाजूंचे एकोणतीस, पाच बाजूंचे नऊ, चार बाजूंचे तीन.

नव्वदच्या आसपास कुणीतरी हे बेट फोडून खडी काढायचा परवाना मागितला. मी हरकत घेतली. ठाण्याच्या कचेरीत चार खेपा घातल्यावर भूशास्त्र जाणणारे एक अधिकारी पाहणीला यायला कबूल झाले. बेट राहणार की जाणार, हे त्यांच्या शेऱ्यावर होतं.

वेळ मी कळवली. एरवी मी आमच्या मासळीवाल्या मावशींच्या होडीतून, त्या सांगतील तेव्हा जायचो. या वेळी स्वतः हिशोब केला. तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ. चतुर्थीला भरती तीनला, म्हणून सहा तासांनी, नऊला ओहोटी.

नऊला आम्ही मावशींच्याच होडीतून पोचलो, तर पाण्यावर फक्त माथा.

“खांब कुठायत?” साहेबांनी विचारलं. “हा तर साधा काळा दगड.” त्यांनी पेनाचं टोपण काढलं.

मावशी हसल्या. “भाऊ, तुमचा हिशोब दर्याचा. पानी हितंवर यायला-जायला दोन तास नको का? मना इचारलं असतं तं!”

“मला अकराला कल्याणला पोचायचंय,” साहेब म्हणाले.

“जाल हो सायेब. होडी माझी हाय, मी वल्हवीन तवाच जाल ना?” त्यांनी डबा उघडला. “बोंबील खावा.”

“आज संकष्टी.”

“मंग चाय घ्या.”

काळा चहा दोनदा झाला. तिसऱ्या कपाला पहिल्या खांबाची कड वर आली. अकरापर्यंत लाल थरही उघडा पडला. साहेब पँट दुमडून गुडघाभर चिखलात उतरले, त्या थरावरून बोट फिरवत राहिले. घड्याळ त्यांनी पुन्हा पाहिलं नाही.

“हे फोडायला निघाले होते?” एवढंच म्हणाले.

परवाना नाकारला गेला. त्या पत्राची आणि अहवालाची नक्कल मी बंदरावर मोठ्याने वाचून दाखवली. अहवालात खांब चव्वेचाळीस होते.

“तीन कुठं सांडलं, भाऊ?” मावशी म्हणाल्या आणि सगळं बंदर हसलं.

मी तिथेच वहीतला आकडा खोडला आणि खाली लिहिलं: पाऊणपट, अधिक दोन तास. मावशींनी पुन्हा डबा उघडला; या दिवशी संकष्टी नव्हती. साहेबांच्या वाटचे बोंबील मी खाल्ले.