सासऱ्यांपुढचं इंग्रजी

माझ्या सुनेचं इंग्रजी मी पहिल्यांदा ऐकलं ते कांद्याच्या बराखीमागे. बराख म्हणजे आमच्याकडची कांदे साठवायची लांबट, जाळीची खोली. मी मागच्या बाजूला शेण टाकायला गेले होते. बघते तर ही जाळीकडे तोंड करून, एक हात वर-खाली करत, तावातावाने बोलतेय. लग्नाला दोन महिनेही झाले नव्हते. मला वाटलं, माझ्यावरचा राग कांद्यांवर काढते आहे.

"काय गं, कुणाशी बोलतीस?"

"कुणाशी न्हाई आत्या. अभ्यास करतीय."

"अभ्यास बसून करत्यात."

"ह्यो उभं राहून करायचा हाय."

मी पाटी रिकामी केली आणि आले. खरं तर थोडं थांबून ऐकावंसं वाटलं होतं, पण नव्या सुनेपुढे असं थांबून चालत नाही.

तिचं कॉलेज मंचरला. आमचं गाव अवसरी बुद्रुकच्या पुढे, तिथून एस.टी.ने जायचं. लग्न ठरलं तेव्हा तिच्या वडिलांनी आमच्या ओट्यावर बसून एकच गोष्ट मागितली. पोरीचं शेवटचं वर्ष राहिलंय, तेवढं होऊ द्या. आमचे मालक चारचौघांत बोलून गेले, "करू द्या की! पण एकच वर्स. नापास झाली तर मंग घर आन् रान." शब्द दिला तो असा, दोन्ही बाजूंनी धार असलेला. पास झाली तर पुढचं बघू, नापास झाली तर वह्या-पुस्तकं माळ्यावर. हे तिलाही माहीत होतं आणि मलाही. माझा मुलगा भोसरीला कंपनीत होता, सुट्टीला यायचा. त्याने या बाबतीत कधी तोंड उघडलं नाही. वडिलांपुढे त्याचंही तोंड उघडत नसे.

मी स्वतः चौथी शिकलेली. पाचवीची शाळा दुसऱ्या गावात होती, तिकडे मुलींना पाठवत नव्हते, संपलं. त्याचं मला फारसं काही वाटलं नाही, अजूनही वाटत नाही. सुनेने बी.ए.ला इंग्रजी घेतलंय हे कळलं तेव्हा मी तोंडावर म्हटलं होतं, "इंग्रजी शिकून गवारीला पाणी कमी लागणार हाय का?" ती म्हणाली, "न्हाई, तेवढंच लागणार." मला उत्तर आवडलं. तसं मी बोलले नाही.

चहा ती वाईट करायची, हे आधी सांगते. पाणचट आणि वर गोड. बाकी कामाला मात्र तिच्यासारखी बाई मी आमच्या भावकीत पाहिली नाही. सकाळी भाकरी थापताना मिठाच्या बरणीला कागद टेकवून ठेवायची. ओठ हलत असायचे, हात चालू असायचे. भाकरी कधी करपली नाही आणि काठाला चिरली नाही. एखादा शब्द अडला की तेवढाच पुन्हा पुन्हा म्हणायची, भाकरी फिरवावी तसा तो तोंडात फिरवायची, सरळ झाला की पुढे जायची. रेडिओवर इंग्रजी बातम्या लागल्या की आवाज वाढवायची. मालक ओरडायचे, "बाजारभाव लावा, बाजारभाव!" ती बाजारभाव लावून द्यायची आणि ते रानात गेले की पुन्हा बातम्या.

त्या कॉलेजात इंग्रजीच्या एक बाई होत्या, पुण्याहून आलेल्या. त्यांनी शेवटच्या वर्षाच्या मुलांना एक काम दिलं होतं. आपण विषय निवडायचा, इंग्रजीत लिहून काढायचा आणि मग सगळ्या कॉलेजसमोर हॉलमध्ये उभं राहून, हातात कागद न घेता, बोलायचा. त्याचे मार्क होते. ते मिळाले नाहीत तर पेपर जाणार, आणि पेपर गेला तर आमच्याकडे काय होणार हे ठरलेलंच होतं.

बाकीच्यांनी गाइडमधून विषय उचलले, शिस्त, पर्यावरण असले. हिने बैलगाडा घेतला. यात्रेत घाटात, म्हणजे शर्यतीच्या चढावर, बैल पळतात ते. मी विचारलं, "ह्ये काय कॉलेजात सांगायचं असतंय का?"

"आत्या, जे मला मराठीत नीट सांगता येतंय तेच इंग्रजीत येईल. शिस्तीचं मला मराठीतबी काय सांगता येत न्हाई."

आमच्या घरी गाड्याचे बैल होते. मालकांचा जीव त्यांच्यात. तिने लग्नाआधी माहेरच्या यात्रेत घाट पाहिलेला होता, आमच्याकडे आल्यावर ती बैलांना आंबोण देऊ लागली. लिहिताना एखादी गोष्ट अडली की गोठ्यात जाऊन बघून यायची. मालकांना विचारायची सोय नव्हती. सासऱ्यांशी सून सरळ बोलत नाही. डोक्यावर पदर, नजर खाली, आणि काही लागलं तर सासूमार्फत. एकाच घरात, एकाच ओट्यावर असलो तरी मालक मला म्हणायचे, "तिला सांग, पाणी तापव," आणि ती मला म्हणायची, "मामांना सांगा, तापलंय." मधे मी. पोस्टमन झाले होते नुसती.

भाषणाचा दिवस आला. संध्याकाळी ती एस.टी.तून उतरली आणि घरात न येता सरळ विहिरीकडे गेली. मी मागोमाग गेले. रडत नव्हती, पण तोंड पांढरं पडलं होतं.

"काय झालं?"

"थोरले मामा व्हते."

थोरले मामा म्हणजे माझे थोरले चुलत दीर, तिचे चुलत सासरे. ते कॉलेजच्या संस्थेवर होते. कुठल्याही कार्यक्रमात पहिल्या रांगेत त्यांची खुर्ची ठरलेली. ही पुढे गेली, दोन वाक्यं झोकात बोलली आणि समोर बघते तर चुलत सासरे. हात आपोआप पदराकडे गेला. पदर कपाळापर्यंत आला, मान खाली गेली आणि आवाज घशातल्या घशात. पुढचं सगळं ती पायाच्या अंगठ्याशी बोलली. मुलं हसली. पुण्याच्या बाईंना यातलं काय कळणार? त्या म्हणाल्या, तयारी नाही, पुढच्या आठवड्यात पुन्हा उभी राहा, शेवटची संधी.

"तू सांगितलं न्हाई त्यांना?"

"काय सांगू आत्या? चुलत सासरा बसला म्हणून इंग्रजी आलं न्हाई, असं इंग्रजीत कसं सांगायचं?"

मला हसू आलं. तीही हसली, मग मात्र रडली. मी म्हटलं, "रडून घे. मंग भाकरी टाक."

तिची चूक मला चूक वाटलीच नाही. माझाही हात तसाच गेला असता. या थोरल्या दिरांशी मी इतक्या वर्षांत एक शब्द सरळ बोललेली नव्हते. ते आले की भिंतीकडे बघून बोलायचं. ही सवय अंगात मुरलेली असते, ती पुस्तक वाचून जात नाही. ती घालवायची तर जिथे लागली तिथेच घालवावी लागणार होती, म्हणजे आमच्या अंगणात.

जेवताना मी मालकांना म्हटलं, "उद्यापासून दुपारनं अंगणात बाजंवर बसायचं. ती भाषण करंल, तुमी ऐकायचं."

घास हातातच राहिला. "मला काय कळतंय इंग्रजीतलं?"

"कळायचं न्हाई. बसायचं."

"अगं, सून भाषण करतीय आन् सासरा बाजंवर बसून ऐकतोय, असं कुठं असतंय का?"

"मंग व्हऊ द्या नापास. एका वर्साचा शब्द तुमीच दिला व्हता. तुमच्यापायी ती नापास झाली तर लोक तुमालाच इचारतील."

"माझ्यापायी? म्या काय केलं?"

"काय न्हाई केलं. तुमी सासरे हाय, एवढंच."

त्यांनी हातातला घास तोंडात टाकला. मग म्हणाले, "कशावर हाय भाषण?"

"तुमच्या बैलांवर."

"मंग आधी सांगायचं ना."

पहिल्या दिवशी ते बाजेवर बसले ते गोठ्याकडे तोंड करून, आमच्याकडे पाठ. ती शेवग्याखाली उभी, पदर नाकापर्यंत. तिचा आवाज कोंबडीला ऐकू गेला नसता. मी दोघांच्या मधे उभी राहिले आणि म्हटलं, "तुमी तोंड फिरवा. आन् तू पदर मागं घे." दोघांनीही लगेच ऐकलं नाही. पदर बोटभर मागे गेला, मालक अर्धे वळले.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी गंमत झाली. घाटात लाउडस्पीकरवर बोलणारे लोक निम्मे शब्द इंग्रजीच वापरतात, टाइम, सेकंद, फायनल. तिच्या भाषणात ते शब्द आले की मालकांचे कान टवकारायचे.

"तिला इचार, सेकंद म्हणाली का?"

"व्हय म्हणा," ती मला म्हणाली.

"आपलं मागच्या यात्रेतलं सेकंद सांगितलं का, इचार."

"न्हाई म्हणा."

"मंग काय उपेग! आन् घोडी कुठंय? घोडीबिगर गाडा पळतोय का हिचा?"

आमच्या भागात गाड्याला चार बैल असतात आणि त्यांच्या पुढे घोडी पळते. ते तिने लिहिलं होतं, पण मालकांना घोडीचा इंग्रजी शब्द माहीत नव्हता, म्हणून त्यांना वाटलं राहिली. तिने माझ्याकडे पाहिलं. मी मुद्दाम शेंगा निवडत बसले, मान वर केली नाही. शेवटी तिनेच तोंड उघडलं.

"हाय मामा. घोडी हाय. आता येतीय बघा." आणि पुढचं इंग्रजी असं सोडलं की मला एक अक्षर न कळताही कुठे घोडी सुटली आणि कुठे बैल तिच्या मागे उधळले ते कळलं. आधी आवाज खाली धरून ठेवला, मग एकदम ढील दिली. हे तिला बाईंनी शिकवलेलं नव्हतं आणि मीही नाही. तिचं तिने काढलेलं होतं. मालक बाजेवरून अर्धे उठले होते.

"पोरी," ते म्हणाले, "अजून मोठ्यानं." मला न सांगता, थेट तिला. म्हटल्यावर त्यांचे तेच चपापले आणि बैलांना पाणी दाखवायला निघून गेले.

पुढच्या आठवड्यात मी तिच्याबरोबर मंचरला गेले. मालक आले नाहीत, बैलांचं निमित्त काढलं. हॉलमध्ये मी मागच्या भिंतीपाशी उभी राहिले. थोरले दीर पहिल्या रांगेत होतेच, पांढरी टोपी दुरूनही ओळखू येत होती. तिचं नाव पुकारलं. ती पुढे गेली, समोर पाहिलं आणि हात पदराकडे गेला. आता गेलं वर्ष, असं वाटलं. पण हातात आलेला पदर तिने डोक्यावर घेतला नाही. कमरेला घेतला आणि घट्ट खोचला, कांदा काढायला वाफ्यात उतरताना खोचतो तसा. मग बोलायला लागली.

मी बऱ्याच सभा ऐकल्या आहेत, पुढाऱ्यांची भाषणं लग्नातसुद्धा ऐकावी लागतात. असं बोललेलं ऐकलं नव्हतं. ती कुठेही धावली नाही आणि कुठेही अडली नाही. घोडीपाशी आली तेव्हा मागच्या मुलांनी शिट्ट्या मारल्या आणि ती त्यांचा आवाज बसेपर्यंत शांत थांबली. ते थांबणं मला सगळ्यात जास्त आवडलं. बाईंनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. मार्कांचं त्यांनी तिथेच सांगून टाकलं, काळजी करू नकोस म्हणून.

बाहेर आलो तर थोरले दीर झाडाखाली उभे. मी सवयीने पदर सारखा केला. ते झाडाकडे बघत मला म्हणाले, "तिला सांगा, चांगलं झालं. फकस्त घोडीचं जरा जादा झालं."

ती माझ्या शेजारीच उभी होती. मला एकदम कंटाळा आला या पोस्टाचा. मी त्यांच्या तोंडाकडे बघून म्हटलं, "भाऊजी, ती हितंच हाय. तिलाच सांगा."

ते खाकरले. टोपी सारखी केली. "सूनबाई, घोडीचं जरा..."

"थोरले मामा," ती म्हणाली, आणि आवाज हॉलमधलाच होता, "घोडी पुढं नसती तर बैल कुणाच्या मागं पळालं असतं?"

त्यांनी आम्हाला एस.टी.ची वेळ विचारली आणि गेले.

निकाल लागला, ती पास झाली. मालकांनी एका वर्षाचा विषय पुन्हा काढला नाही आणि मी त्यांना आठवण करून दिली नाही. ती बी.एड.ला जायचं म्हणाली तेव्हाही त्यांनी अडवलं नाही. एके दुपारी बाज उचलून अंगणात शेवग्यासमोर टाकली, बसले आणि मला म्हणाले, "तिला इचार, यंदा भाषण हाय का न्हाई?"

मी शेंगा निवडत होते. मी मान वर केली नाही. थोडा वेळ वाट बघून ते स्वतःच उठले आणि स्वयंपाकघराच्या दाराशी गेले.