सरांची निळी रेघ

माझी नणंद दामिनी मोहाडीत घरी बसून नागपूरच्या एका कंपनीसाठी धान मळायच्या मशीनची माहितीपुस्तिका लिहिते. मशीन कशी चालवायची, अडकली तर काय करायचं, सगळं. बाई हुशार, पण भित्री. आणि तिच्या भीतीचं नाव अश्विन सर, तिचे कंपनीतले साहेब.

लिहिणं इंटरनेटवरच चालायचं. त्यामुळे ही इकडे लिहीत असताना साहेब तिकडे तेच पान उघडून बसायचे. पडद्यावर त्यांची निळी रेघ लुकलुकायला लागली की दामिनीची बोटं थांबायची. वाक्य अर्धं असायचं आणि लगेच फोन. "मॅडम, ही जागा कोरी, खाली काहून आहे? काम करून राहिल्या का झोपून राहिल्या?" अहो, भात चुलीवर चढला नाही तोच झाकण काढून चव बघणारा हा माणूस! माझा नुसता संताप व्हायचा. ही मात्र "हो सर, हो सर" करायची.

मग तिनं एक युक्ती काढली. एखाद्या पायरीची माहिती मिळाली नसेल, तर ती पायरी गाळायची आणि पुढचे आकडे वर सरकवायचे. पान पूर्ण दिसायचं, सर गप्प राहायचे. माहिती आली की ही गुपचूप पायरी घालायची.

परवा ती स्वयंपाकघरात आली ती पांढरीफटक पडून.

"वहिनी, सरानं तो मजकूर पूर्ण समजून कोंढ्याले पाठवून देल्ला!"

कोंढा गावात ताराचंदभाऊ या शेतकऱ्याकडं कंपनीची नवी मशीन चाचणीसाठी गेली होती.

"मंग काय झालं?"

"अडकलेला पेंढा हातानं काढा, असं आहे त्यात. त्याच्या आधी मशीन बंद करा, हे नाहीच. नव्या मशीनचा बंद करायचा दांडा कोणत्या बाजूनं आहे, ते कारखान्यातून यायचं होतं. म्हणून ती पायरीच गाळली मी."

आम्ही ताराचंदभाऊंना फोन लावला. नुसताच वाजत राहिला. पुन्हा लावला तेव्हा त्यांची बायको धुरपताबाई बोलल्या. मागे मशीनची घरघर.

"पेंढा अडकला जी. हे काढूनच राहिले, कागदात लिहिलं तसं."

"हात घालू नका म्हणा! बंद करा पहिले!" दामिनी किंचाळली.

तिकडे फोन पडला. मग फक्त घरघर. आम्ही दोघी एकमेकींचे हात घट्ट धरून उभ्या होतो. मला देवाचं नावसुद्धा आठवेना. शेवटी आवाज थांबला.

"बाही गेली जी आतमधी," धुरपताबाई रडत होत्या. "हात आहे. हात वाचला."

दामिनी तिथंच फरशीवर बसली आणि बसल्या बसल्याच तिनं सरांना फोन लावून सगळं सांगितलं.

"अपुरं होतं तं अपुरं दिसत काहून नव्हतं, मॅडम?" सर ओरडले.

"तुमच्या भेवानं, सर."

"आतापासून खाली जागा खालीच दिसन," ती म्हणाली. "नाही चालत असन, तं कामावरून काढा मले." सरांची भीती तिला अजूनही वाटत होती, पण त्या बाहीची त्याहून जास्त.