लंकावहिनींचा कच्चा मुक्काम

दारावर थाप पडली, की लंकावहिनी आधी पायांत चपला सरकवायच्या आणि मग कडी काढायच्या. दूधवाला असो की शेजारची मी, हा नेम कधी चुकला नाही. मी चिडवायचे, "वहिनी, मी काय धरून न्यायला आलेय?" त्या हसायच्या, पण हसण्याआधी माझ्या मागे कोणी आहे का ते बघून घ्यायच्या.

त्यांचा नवरा अनिलभाऊ दुबईच्या एका हॉटेलात कामाला होता. तिथंच ही श्रीलंकेची मुलगी त्याला भेटली. लग्न झालं आणि आईला एकटं कसं ठेवायचं म्हणून दोघं इकडे संभाजीनगरला आले. गल्लीनं तिला लंकावहिनी करून टाकलं. मराठी त्या सासूकडून, म्हणजे आमच्या सोयगावकडच्या कडूमावशींकडून शिकल्या. त्यामुळे लासूर स्टेशनच्या पाहुण्या बायका त्यांना सोयगावकडच्या समजायच्या. शहागंजच्या बाजारातून नारळ आणून त्या आमटीत नारळाचं दूध घालत. "ही आमटी हाय का खीर?" म्हणत मावशी दोनदा वाढून घ्यायच्या.

वहिनींचं इथलं राहणं नवऱ्याच्या नावावर मिळालेल्या व्हिसावर होतं. तो मुदतीनं वाढवून घ्यावा लागे. मुदत जवळ आली, की त्यांचं जेवणच सुटायचं. "मी सून पक्की हाय, मुक्काम कच्चा हाय," असं म्हणायच्या. लेक पिहू इथंच जन्मलेली, इथलीच नागरिक. "उद्या मला जा म्हणले, तर ही कुणाला आई म्हणंल?" यावर आम्ही सगळे "काही होत नाही हो" म्हणायचो. आमचं काय जात होतं म्हणायला!

मावशींच्या घरी मतदान म्हणजे सण. आपल्याला माणूस म्हणून मोजलं ते मतामुळे, असं त्या सांगत. सकाळीच पांढरी साडी नेसून त्या पुढे, मागे सगळं घर. सून तेवढी मतदान केंद्राच्या फाटकाबाहेर उभी, हे त्यांच्या जिवाला लागायचं. एका निवडणुकीआधी वस्तीतला एक कार्यकर्ता म्हणाला, "मावशी, वहिनीचं आधार हाय ना? मग बास." आधार इथं राहणाऱ्या परदेशी माणसालाही मिळतं, मताचा हक्क मिळत नाही, हे त्याला ठाऊक नव्हतं. आम्हाला तरी कुठं होतं?

वहिनी एवढंच म्हणाल्या, "आत्या, माजा पासपोर्ट तिकडचा हाय. चालंल का?"

"माज्या घरात नांदती, माजी नात तुज्या पोटची. मग तू कुठली?"

वहिनींनी अर्जावर सही केली आणि कार्यकर्त्यानं त्यांचं मतदान कार्ड आणून दिलं. मतदानाच्या दिवशी मावशींनी सुनेचं शाईचं बोट अख्ख्या गल्लीला दाखवलं. वहिनींनी मात्र घरात जाऊन ते बोट घासून घासून लाल केलं.

पुढच्या मुदतवाढीच्या वेळी चौकशीला पोलीस घरी आले. मीही तिथंच होते. चहा झाला, कागद बघून झाले, साहेब उठायच्या बेतात होते. मावशींना वाटलं, सुनेची बाजू अजून भक्कम करावी. वहिनी "आत्या, राहू द्या" म्हणेपर्यंत त्यांनी कपाटातलं मतदान कार्ड आणून साहेबांच्या हातात दिलं.

"बघा सायेब, आमची सून मतदान बी करती. आता तरी पक्की हाय का नाय?"

साहेब पुन्हा खाली बसले. "आजी, हे कोणी काढून दिलं?" त्यांनी हळूच विचारलं. मावशी अजून कौतुकानंच हसत होत्या. वहिनी भिंतीला टेकल्या.

मग चौकशी लागली. कार्यकर्त्यानं फोन उचलणं सोडलं. वकील झाले, अर्ज झाले, आणि शेवटी देश सोडण्याची नोटीस आली. निघताना वहिनी सासूच्या पाया पडल्या.

"माज्याच हातानं घालवली गं तुला," मावशी म्हणाल्या.

"तुमी तर माजीच बाजू घेतली, आत्या."

त्या थोड्या चिडल्या असत्या, तर मावशींना सोपं गेलं असतं, असं मला आजही वाटतं.

त्यांना पुन्हा व्हिसा मिळाला नाही. आता अनिलभाऊच पिहूला घेऊन तिकडे निघालाय. तिथं तो बायकोच्या नावावर राहणार आणि मुदत संपली की वाढवून मागणार. मावशी इथं एकट्या राहतील. काल तो बॅगा भरत होता, तेव्हा त्या त्याच्याजवळ येऊन बसल्या. मग त्याच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या, "तिकडं कुणी कितीबी मायेनं म्हणलं, तरी मत टाकू नको, लेकरा."