विहिरीत सोडलेला कॅमेरा

अकोल्याच्या बाजारात तो कॅमेरा घेतला तेव्हा दुकानदारच म्हणाला, "मॅडम, महागड्याशी बरोबरी करू नका. पण मजबूत आहे." मी पातूरच्या शाळेत भूगोल शिकवायची. लेणी, घाटातले खडकांचे थर मुलांना वर्गात दाखवता यावेत म्हणून काडेपेटीहून थोडा मोठा असा तो डबा घेतला.

लेण्यांबाहेरच्या उन्हात चित्र इतकं स्वच्छ आलं की दगडावरच्या छिन्नीच्या खुणा मोजता याव्यात. आतल्या अंधारात मात्र सगळं मळकट. स्कूटीच्या हँडलला लावला तर चित्र थरथरलं, आणि तासाभरात बॅटरी संपली. तरी ज्या उन्हात माझा फोन तापून बंद पडायचा, त्यात हा मुकाट चालत होता. मला तो आवडायला लागला.

त्याच आठवड्यात दिरांच्या शेतातली मोटार पाणी ओढेना. दोन वर्षं पावसानं दगा दिला होता. विहिरीत होतं तेवढ्या पाण्यावर हरभरा काढायचा होता. नेहमीचे मिस्त्रीभाई आले. पन्नाशी उलटलेली, अब्बांपासूनचा हाच धंदा. पाइपाच्या तळाशी जी झडप असते, तिला सगळे फुटवॉल म्हणतात. ती अडकली की भाई बुडी मारून हातानं चाचपायचे. मागच्या वर्षी अशाच एका बुडीत त्यांच्या कानाचा पडदा फाटला होता.

"पाइपच वर काढू," दीर म्हणाले.

"त्याले चार माणसं लागतात. मी पाहतो न," भाई सदरा काढू लागले.

मी म्हटलं, "थांबा भाई. हा कॅमेरा पाण्यात चालतो म्हणतात."

"म्हणतात, का चालते?"

"अजून पाहिलं नाही."

"मंग पाहू. तो बुडला तर दुसरा भेटन. मले कान नाई भेटत."

कॅमेरा त्याच्या प्लॅस्टिकच्या खोळीत घातला, शेजारी भाईंचा पाण्यात चालणारा टॉर्च बांधला आणि दोरीनं खाली सोडला. वर ओढून पाहिलं तर नुसतं हिरवं पाणी. दुसऱ्यांदा तो गरगर फिरला. मग भाईंनी तो एका लांब बांबूला घट्ट बांधला. या वेळी फुटवॉल दिसली, आणि तिच्या जाळीला गुंडाळलेलं खताच्या पोत्याचं प्लॅस्टिकही.

भाईंनी तेवढाच तुकडा तीनदा पाहिला. "डाव्या बाजूनं गुंतून राहिलं," ते म्हणाले, आणि कॅमेरा पट्ट्यानं कपाळाला बांधून विळा हातात घेतला.

एकच बुडी. वर आले ते प्लॅस्टिक मुठीत घेऊनच. थोड्या वेळानं पाटात पाणी आलं.

बुडीचा व्हिडिओ मी नंतर सावकाश पाहिला. गढूळ उजेडात दोन हात सरळ जाळीकडे जातात, विळ्याचं टोक नेमकं गाठीत शिरतं, कुठं घाई नाही, झटापट नाही. इतकी वर्षं भाई आमच्याकडे येत होते, पण त्यांचं काम मी पहिल्यांदाच पाहत होते.

तो दाखवायला त्यांच्या घरी गेले. भाभींनी हातातलं काम ठेवून शेवटपर्यंत पाहिला.

"इतनी देर नीचे रहते आप?" त्यांनी विचारलं.

भाई उठून चहा टाकायला आत गेले.

पुढचा सगळा हंगाम कॅमेरा मी त्यांच्याकडेच ठेवला. प्रत्येक विहिरीत आधी तो उतरायचा, आणि गरज असेल तरच भाई. उन्हाळ्यात त्यांनी तसाच एक स्वतःसाठी आणला.