तीनदा मेलेली शेजारीण

माझ्या शेजारीणबाई आजवर तीनदा मेल्या, आणि तिन्ही वेळा दुसऱ्या दिवशी बाजारात दिसल्या. असलं माणूस मी उभ्या आयुष्यात दुसरं पाहिलं नाही. बाई वेल्सच्या. वेल्स म्हणजे इंग्लंडला चिकटलेला डोंगराळ मुलूख. पण तिथल्या माणसाला इंग्रज म्हणालात तर चहाचा कप हातातून काढून घेतला जातो, हे मी अनुभवानं सांगतो. तिथल्या टीव्हीवर, त्यांच्या स्वतःच्या भाषेत, बाईंनी तीस वर्षं कामं केली. एका मालिकेत ट्रॅक्टरखाली मेल्या, दुसरीत आगीत, आणि तिसरीत नुसत्याच जिन्यावरून पडल्या, कारण दिग्दर्शकाशी त्यांचं वाजलं होतं. पुढे एका डच फुलवाल्याशी लग्न करून हॉलंडात, विमानतळाशेजारच्या या बाडहूव्हडॉर्प गावात आल्या. तो गेला. मीही बायको गेल्यावर इथं मुलाकडे आलो. मधे एक भिंत, आणि भिंतीच्या दोन्ही बाजूंना एकेक माणूस कमी.

मी सातवी पास, नगरपालिकेत पाणी सोडायचं काम केलेला. मला नटीशी बोलायची काय सवय! पण बाईंना माणूस लागत नाही, प्रेक्षक लागतो. कुठल्याही खोलीत शिरताना त्या दारात क्षणभर थांबणार, उजेड तोंडावर पडला की मगच आत येणार. पावसात सायकल मारतील, पण ओठ रंगवून. सुपरमार्केटात आज जमीनदारीण होऊन कांदे दाबतील, तर उद्या गरीब विधवा होऊन. डोक्यावरून विमान गेलं की बोलणं अर्ध्यात थांबवून, ते पार दिसेनासं होईपर्यंत वर डोळे वटारून बघतील. मी एकदा म्हटलं, "बाई, त्याला तुम्ही दिसत नाही." तर म्हणाल्या, "मिस्टर, त्यानं मला बघावं म्हणून मी बघत नाही. त्यानं लाजावं म्हणून बघते."

गेल्या हिवाळ्यात बाईंना निरोप आला. वेल्समधल्या एका नव्या मालिकेत म्हातारीचं काम होतं. एक प्रसंग फोनवर चित्रित करून शुक्रवारपर्यंत पाठवायचा. मुलगा आईला वृद्धाश्रमात पाठवतोय, आणि ती घर सोडायला तयार नाही, असा प्रसंग. बाई दारात न थांबता सरळ आत आल्या, तेव्हाच मी ओळखलं की काहीतरी बिनसलंय. म्हणाल्या, "वाक्यं राहत नाहीत डोक्यात. हे हुकलं तर यापुढं मला कुणी विचारणार नाही." बाई इंग्रजीत बोलतात, मी तोडकंमोडकं, पण एवढं कळायला इंग्रजी लागत नाही.

मी म्हटलं, पाठ करून घेतो. वाक्यं त्यांच्या भाषेतली, आणि इंग्रजी अक्षरांशी माझं जमत नाही, म्हणून त्यांनी वाचून दाखवली तशी आईची नि मुलाची वाक्यं मी वहीत आपल्या अक्षरांत उतरवून घेतली. अर्थ कळेना, तर न कळो. माझ्या बायकोला अक्षर येत नव्हतं, पण शंभर ओव्या पाठ होत्या. म्हणायची, हाताला काम दिलं की तोंड चुकत नाही. मग मी, आपल्याकडच्या भाज्या मिळतात त्या सुरिनामी दुकानातून मेथीच्या चार जुड्या आणल्या आणि बाईंपुढं टाकल्या.

"हे काय?"

"भाजी. निवडा."

"मी नटी आहे, मिस्टर."

"नटी असा नाहीतर राणी. काडी मोडा नि वाक्य बोला. चुकलात तर काडी परत जुडीत."

पहिल्या दिवशी जुडी जशीच्या तशी राहिली. बाई उठल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी अर्धी झाली. चार दिवस आमच्या घरात मेथी शिजत होती. मुलगा म्हणाला, "बाबा, आजपण मेथी?" मी म्हटलं, "गुमान जेव. बाईंची शेवटची सात वाक्यं राहिलीत."

गुरुवारी चित्रण. बाई मेथी पुढ्यात घेऊनच बसल्या. माझ्या मुलानं फोन धरला, मी वही धरून प्रसंगातल्या मुलाची वाक्यं म्हणणार. तीनदा विमानानं घोटाळा केला. चौथ्यांदा बाईच थांबल्या. "रागावून बोला ना!"

"आईशी? मी नाही रागावणार."

"अहो, तो तिला घराबाहेर काढतोय!"

"काढू दे. मी माझ्या तऱ्हेनं काढीन."

आणि मी ती वाक्यं, आईशी बोलावं तशीच, हळू आवाजात म्हटली. बाईंचा हात काडीवरच थांबला. एवढं गोड बोलून घराबाहेर काढणारा मुलगा त्यांना तोवर भेटला नसावा. मग त्या बोलल्या, शेवटपर्यंत, एक अक्षर न चुकता, आणि डोळ्यांतलं पाणी पुसलं नाही. मुलानं फोन खाली केला नि विचारलं, "पण बाबा, वेल्समध्ये मेथी कोण निवडतं?"

"आजपासून मी," बाई म्हणाल्या.

चित्रण पाठवून त्या उत्तराची वाट बघत बहिणीकडे वेल्सला जाऊन बसल्या. दोन आठवड्यांनी सकाळी फोन आला. "मिस्टर, मिळालं. वर्षभराचं काम आहे." मागे बहीण रडत होती का हसत होती, कळलं नाही. इथलं घर भाड्यानं देणार म्हणाल्या. मी म्हटलं, "द्या. जेवत जा वेळेवर."

मुलगा ऑफिसला गेला होता. मी फोन ठेवला आणि स्वयंपाकघराकडे तोंड करून ओरडलो, "अगं, ऐकलंस का? बाईंना काम मिळालं!"

कुणी ओ दिली नाही. मग मी पुन्हा एकदा, जरा मोठ्यानं सांगितलं.